वजनाची वही

आत्यानं आयुष्यभर हिशेब लिहिले. नोकरीत चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आणि निवृत्तीनंतर स्वतःचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, महिनाअखेरीला बेरीज, आणि मेळ बसला नाही तर त्या रात्री झोप नाही. त्यामुळे डॉक्टरांनी तिला जेव्हा सांगितलं की रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, पोटात काही जायच्या आधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं, तेव्हा तिनं एक कोरी वही काढली, पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारली आणि वर 'जमा' आणि 'नावे' असं लिहिलं. कालच्यापेक्षा वजन वाढलं तर तेवढा फरक जमेला, उतरलं तर नावे. मला हसू आलं, तर म्हणाली, "अगं, अंगात पाणी जमा झालं की ते जमाच ना? यात हसण्यासारखं काय आहे?"

ती वही भरल्यावर तिनं मला देऊन टाकली. "तुला आता कागद सांभाळायची सवय लागलीय," म्हणाली. खोटं नव्हतं. तिच्या आजारपणात मला हृदयाबद्दल जे कळलं ते थोडं, कागदांबद्दल कळलं ते फार.

'हार्ट फेल्युअर' हे नाव मुळातच वाईट. ऐकलं की हृदय बंदच पडलं असं वाटतं. मी नातेवाइकांना फोनवर हा शब्द सांगितला आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला. शेवटी मी "हृदय नीट पंप करत नाहीये" एवढंच सांगायला लागले. डॉक्टरांनी आत्याला ईएफ समजावून सांगितला. हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के पुढे ढकलतो, तो हा आकडा. निरोगी माणसाचा साधारण 55 ते 70. आत्याचा 30. तिनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "म्हणजे सत्तर शिल्लक पडून राहतात?" डॉक्टर म्हणाले, शंभरच्या शंभर कुणाचेच जात नाहीत. याचं तिला बरं वाटलं. (हा आकडा चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, हे मला नंतर कळलं. जवळजवळ निम्म्या रुग्णांचं तसंच असतं, त्यातही म्हाताऱ्या बायकांचं जास्त. त्यांचं हृदय ढकलतं नीट, पण ताठर झाल्यामुळे भरतच नाही.)

यातला खरा घोळ मूत्रपिंडं घालतात. हृदयाकडून रक्त कमी येऊ लागलं की त्यांना वाटतं, शरीरातलं पाणीच आटलंय. मग ती इमानदारीनं मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. ते पाणी पायांत उतरतं, पोटात साठतं, फुप्फुसांतही साठतं. माणूस आडवा झाला की धाप लागते, म्हणून तो उशा वाढवत जातो. आत्याच्या पलंगावर तीन आठवडे तीन उशा होत्या. मी त्या रोज पाहत होते आणि तिची मान दुखत असेल असं समजत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "उशा किती घेता?" मला वाटलं, हे गप्पा मारतायत.

त्या रात्री तिसऱ्या उशीनंही भागेना. ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, आणि एका श्वासात एकच शब्द निघत होता. आम्ही पोचलो तेव्हा तिला आधी ऑक्सिजन लावला, मग मला काउंटरवर पाठवलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी बऱ्याच तक्रारी करणार आहे. काउंटरवरच्या माणसानं रुग्णाचं नाव विचारायच्या आधी विचारलं, "विमा आहे का?"

होता. कार्ड माझ्या पर्समध्येच होतं. ते त्याच्या हातात दिलं तेव्हा मला जे वाटलं ते लिहायची थोडी लाज वाटते. मला वाटलं, सुटलो. आत्या आत तोंडावर मास्क लावून बसलेली, आणि मी बाहेर प्लॅस्टिकच्या एका तुकड्यावर भरवसा टाकून मोकळी.

अर्थात हा भरवसा अगदीच खुळा नव्हता. विमा असल्यानं जीव वाचतो का, हा प्रश्न सोपा वाटतो, पण तपासायला अवघड आहे. विमा असलेले लोक बहुधा पैसेवाले, शिकलेले, आधीच धडधाकट. त्यांची आणि बिनविम्याच्यांची नुसती तुलना करून हाती काही लागत नाही. अमेरिकेत 65 वर्षं पूर्ण झाली की बहुतेक सगळ्यांना मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो. डेव्हिड कार्ड, कार्लोस डॉबकिन आणि निकोल माएस्टस या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी ही रेघ पकडली. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत आपत्कालीन विभागातून, टाळताच येणार नाही अशा गंभीर आजारानं दाखल झालेले दोन गट त्यांनी पाहिले: वयाची पासष्टी नुकतीच ओलांडलेले, आणि ओलांडायला थोडेच दिवस राहिलेले. या दोघांत एरवी फरक असायचं काही कारण नाही. हृदयाला वाढदिवस कळत नाही. तरी पासष्टी ओलांडलेल्यांत दाखल झाल्यापासून सात दिवसांच्या आतले मृत्यू शंभर रुग्णांमागे जवळजवळ एकानं कमी होते, म्हणजे एकूण मृत्यूंच्या मानानं सुमारे पाचव्या हिश्श्यानं. हा निबंध 2009 चा. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण माझ्या लेखी ते याच कामाचं.

यातली खोच अशी, की पासष्टीच्या अलीकडचे सगळे काही बिनविम्याचे नव्हते. बहुतेकांकडे कसला ना कसला विमा होताच. म्हणजे फरक नुसत्या 'आहे' आणि 'नाही' मधला नव्हता. विमा कसा आहे, हात किती मोकळा सोडतो, यातलाही तो फरक होता. हे मला काउंटरवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी क्वेरी आली.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी: रुग्णालय विमा कंपनीकडे मंजुरीचा अर्ज पाठवतं, आणि कंपनीला शंका आली की ती प्रश्न विचारते. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. आमची क्वेरी एका ओळीची होती. केस पेपरवर 'दोन वर्षांपासून जिना चढताना दम लागतो' असं लिहिलंय, तर हा आजार पॉलिसी घेण्याआधीचा आहे का, मागचे सगळे कागद पाठवावेत.

ते वाक्य आत्याचंच होतं. रात्री दोन वाजता शिकाऊ डॉक्टरनं विचारलं होतं, "आजी, दम कधीपासून लागतो?" आणि आत्यानं, मास्क बाजूला सारून, तारखेचा माणूस असल्यासारखं खरं सांगितलं होतं. डॉक्टरनं ते उपचारासाठी विचारलं. त्या डॉक्टरला उत्तरावरून दुखणं किती जुनं ते कळणार होतं. पण तोच कागद दुसऱ्या टेबलावर गेला आणि त्याच वाक्याचा अर्थ बदलला. तिथे तो कबुलीजबाब झाला. मी काउंटरवर म्हटलं, अहो, पॉलिसी चार वर्षांपूर्वीची आहे, दम दोन वर्षांपासूनचा. चारातून दोन गेले, यात क्वेरी कसली? तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मला कळतंय. पण कागद लागतील."

म्हणून दीड दिवस मी आत्याच्या कपाटात होते. रक्तदाबाच्या जुन्या चिठ्ठ्या, एक्स-रेची पिवळी पाकिटं, कुणाच्या तरी लग्नातलं आहेराचं पाकीट, त्यात इसीजी. आत आत्या आणि तिची सलाईन, बाहेर मी आणि झेरॉक्स. उपचार थांबले नव्हते, पण मी तिच्याजवळ नव्हते. त्या दीड दिवसात डॉक्टर राउंडला येऊन काय सांगून गेले ते मला आजही माहीत नाही, आणि आत्याला तेव्हा ऐकू येण्याइतकंही बळ नव्हतं.

अशा शंका किती रास्त असतात? सगळ्याच चुकीच्या नसतात. फसवणूक होते आणि ती शेवटी सगळ्यांच्या हप्त्यात येते, हे मला मान्य आहे. पण अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये एक अहवाल काढला. मेडिकेअरच्या खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या योजनांनी आगाऊ मंजुरीचे जे अर्ज नाकारले, त्यांतले काही त्यांनी उघडून पाहिले. मेडिकेअरच्या नियमात बसत असूनही नाकारलेले निघाले 13 टक्के. हा आकडा लहान म्हणायचा की मोठा, ते आपण त्या तेरात आहोत की नाही यावर ठरतं.

आमची मंजुरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मोबाइलवर मेसेज पाहिला आणि मी सगळ्या भावंडांना एकदम कळवलं, "मंजूर झालं!" सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकानंही विचारलं नाही की आत्या कशी आहे. मीही सांगितलं नव्हतं.

आत्या तशी चांगलीच होती. शिरेतून लघवीचं औषध देऊन सहा दिवसांत तिचं वजन 63.2 वरून 58.4 वर आलं. 4.8 किलो पाणी. पायांची सूज उतरली तेव्हा घोटे दिसायला लागले आणि ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली, हरवलेली वस्तू सापडल्यासारखी. सहाव्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." आम्ही निघालो रात्री आठला. मधले दहा तास शेवटच्या मंजुरीची वाट पाहण्यात गेले. मंजुरी आल्यावर एकच धांदल उडाली, आणि त्या धांदलीत औषधांची पिशवी, तीन पानी डिस्चार्ज समरी आणि सूचना तीन मिनिटांत आमच्या हाती आल्या. समरीच्या तिसऱ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात होतं: वजन तीन दिवसांत 2 किलो वाढल्यास संपर्क साधावा. खाली रुग्णालयाच्या मुख्य फोनचा नंबर. कुणाशी संपर्क, ते नाही.

इथपर्यंतचा हिशेब, आत्याच्या भाषेत, चोख होता. विम्यानं खाट दिली, मॉनिटर दिला, सहा दिवसांची सलाईन दिली. आणि मग दार लागलं.

मला हे विचित्र वाटण्याचं कारण म्हणजे हा आजार खाटेवरचा नाहीच. रुग्णालयात मुख्य काम होतं ते साठलेलं पाणी काढायचं. जी औषधं आयुष्य वाढवतात ती सगळी घरी घ्यायच्या गोळ्या आहेत. 1987 मध्ये एनालाप्रिलनं गंभीर रुग्णांत मृत्यू कमी होतात असं दिसलं. 1999 मध्ये स्पायरोनोलॅक्टोन, त्याच वर्षी बीटा ब्लॉकरचे, म्हणजे ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांचे, दोन मोठे प्रयोग. 2014 मध्ये एनालाप्रिलच्या जागी घ्यायची सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ही जोडगोळी. 2019 मध्ये डापाग्लिफ्लोझिन, जी मुळात मधुमेहाची गोळी. आज कमी ईएफ असलेल्या रुग्णाला या चार प्रकारांतली प्रत्येकी एक गोळी मिळावी असं धरलं जातं. त्याउलट फुरोसेमाइड, म्हणजे आपली लघवीची गोळी, धाप कमी करते, जीव निवांत करते, पण आयुष्य वाढवते असं कुठल्याही मोठ्या प्रयोगात सिद्ध झालेलं नाही. म्हणजे विम्यानं निमूट पैसे भरले ते पाणी काढण्याचे. पुढच्या वर्षांचे आपण आपले भरायचे.

हे कुणी दुष्टपणानं ठरवलेलं नाही. विमा जन्मला तेव्हा आजार असे नव्हते. 30 जुलै 1965 ला अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली ती मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन, आणि पहिलं कार्ड दिलं ते 81 वर्षांचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना. त्या वेळी हार्ट फेल्युअरवर होतं काय? डिजिटॅलिस हे हृदयाचं जुनं औषध, लघवीची काही जुनी औषधं, विश्रांती, मीठ बंद. फुरोसेमाइडला अमेरिकेत परवानगी मिळाली तीसुद्धा पुढच्या वर्षी. आजारी पडणं म्हणजे दाखल होणं, आणि दाखल होणं म्हणजे मोठा खर्च, हे तेव्हा बरोबरच होतं. मग गोळ्या आल्या, पण घरी घ्यायच्या गोळ्यांचा खर्च मेडिकेअरमध्ये यायला 2006 उजाडलं. चाळीस वर्षं म्हाताऱ्या माणसाला खाटेचा विमा होता, गोळीचा नव्हता. जगात आजही कितीतरी पॉलिसी त्या चाळीस वर्षांतच राहतात. आत्याची त्यांतलीच.

आता वहीकडे येते.

पहिल्या पानावर 58.4. मग आठवडाभर इकडे दोनशे ग्रॅम, तिकडे शंभर. आत्याचं अक्षर सुरेख, आकडे एकाखाली एक. चौदाव्या दिवशी 59.1. पंधराव्या दिवशी 59.7, जमेला 0.6. सोळाव्या दिवशी 60.5, जमेला 0.8. सतराव्या दिवशी 61.1. तीन दिवसांत बरोबर दोन किलो. अठराव्या दिवशी 61.6. एकोणिसाव्या दिवसाची नोंद नाही, कारण त्या पहाटे आम्ही पुन्हा त्याच काउंटरवर होतो.

मी तिला नंतर विचारलं, "आत्या, अगं वाढत होतं तर सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "मला लिहायला सांगितलं होतं. ते मी लिहिलं." ती चिडली नव्हती. तिच्या नोकरीत हिशेब लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असायचा. तिनं तिचं काम केलं होतं. तपासणारा कोण, हे मात्र आम्ही कुणीच ठरवलं नव्हतं.

आणि आणखी एक होतं. ते दिसायला मला उशीर लागला. आतले डॉक्टर रोजची वजनं मागत होते, म्हणून मी वॉर्डात उभी राहून वही चाळत होते, तेव्हा समासात टिंबं दिसली. एकेका गोळीला एकेक टिंब, पेन्सिलनं. जोडगोळीच्या रकान्यात दिवसाला दोन टिंबं हवीत, कारण ती सकाळ-संध्याकाळ घ्यायची. पाचव्या दिवसापासून टिंब एकच होतं. रोज एकच. ती गोळी बाकीच्यांपेक्षा महाग, आणि विमा घरच्या औषधांचे पैसे देत नाही हे तिनं मला भावाशी बोलताना ऐकलं होतं. म्हणून पुरवून घेत होती.

"तू विम्याचे कागद घेऊन इतकी धावत होतीस," ती म्हणाली, "म्हटलं, एवढ्यात तरी काटकसर करावी."

तेवढ्यामुळेच पाणी साठलं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मधे सर्दी-खोकला झाला होता, मिठाचंही काही चुकलं असेल, या आजारात एकच कारण क्वचित असतं. मी त्यांचं म्हणणं मान्य केलं. पण ते एकुलतं टिंब माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अमिताभ चंद्रा, एव्हन फ्लॅक आणि झियाद ओबरमायर यांनी मेडिकेअरच्या औषध योजनेत नव्यानं आलेल्या पासष्टीतल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांच्या 2021 च्या मसुद्यात असं दिसलं, की खिशातून भरायची रक्कम दर औषधामागे जेमतेम दहा डॉलरनं वाढली, तर लोकांनी औषधं सुमारे 23 टक्क्यांनी कमी केली, आणि महिन्याचा मृत्युदर सुमारे 33 टक्क्यांनी वाढला. मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढचीच. लोकांनी बिनकामाची औषधं सोडली असती तर गोष्ट वेगळी. पण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनीच त्यावरची औषधं जास्त सोडली. थोडा खर्च खिशातून गेला की माणूस विचार करून खर्चतो, असं विम्याच्या धंद्यात समजतात. आत्यानं विचार केलाच होता. चौतीस वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं? सगळ्यांत मोठी रक्कम जिथे दिसली, तिथे तिनं कात्री लावली.

दुसऱ्या वेळी मंजुरी चार तासांत आली. कागद तयार होते, आजार आता 'माहितीतला' होता. पाच दिवसांची खाट, पुन्हा शिरेतून औषध, पुन्हा मॉनिटर, सगळं विम्यातून. त्या पाच दिवसांच्या बिलात ती गोळी कितीतरी महिने आली असती. मी हा हिशेब आत्याला सांगितला नाही. तिनं आधीच केला असणार.

आपण एकटेच असे मूर्ख, असं तेव्हा वाटत होतं. तसं नव्हतं. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मेडिकेअरच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला. घरी सोडलेल्यांतला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस 30 दिवसांत परत दाखल झाला होता. हार्ट फेल्युअरमध्ये चौघांतला एकाहून थोडा जास्तच. शस्त्रक्रिया न होता घरी गेलेले आणि महिन्याच्या आत परतलेले जे होते, त्यांतल्या निम्म्यांनी मधल्या दिवसांत डॉक्टर गाठल्याची बिलांत नोंदच नव्हती. आमचीही नव्हती. समरीवर 'तीन आठवड्यांनी दाखवणे' असं होतं आणि आम्ही आज्ञाधारकपणे तिसरा आठवडा भरायची वाट पाहत होतो.

हे आकडे पाहून अमेरिकेच्या सरकारनं ठरवलं, रुग्ण महिन्यात परत येत असेल तर रुग्णालयाचे पैसे कापायचे. ऑक्टोबर 2012 पासून दंड सुरू झाला. पहिल्या यादीत तीनच आजार, त्यांत हार्ट फेल्युअर. आधी जास्तीत जास्त एक टक्का, नंतर तीन. फेरदाखले कमी झाले. सगळे खूश. मग 2018 मध्ये एका अभ्यासानं हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. महिन्याभरातले फेरदाखले 20 टक्क्यांवरून 18.4 वर आले होते. त्याच काळात महिन्याभरातले मृत्यू 7.2 वरून 8.6 वर गेले होते. दंडामुळेच हे झालं का, यावर संशोधकांत जुंपली. काहींनी मोजलं तर संबंध दिसला नाही, काहींनी मोजलं तर दिसला. मी कोण निकाल देणार? पण मेलेला माणूस परत दाखल होत नाही, आणि फेरदाखल्यांच्या रकान्यात तो 'चांगला निकाल' म्हणून मोजला जातो, हे समजायला संशोधक असावं लागत नाही. आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "एकाच बाजूची बेरीज तपासून मेळ बसवलाय."

दुसऱ्यांदा घरी येताना दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. दोन्हींत विम्याचा हात नव्हता. एक तर निघायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर खाटेशेजारी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळ्या गोळ्या चादरीवर मांडल्या. आत्याकडून एकेक ओळखून घेतली: ही कशाची, ही चुकली तर काय. आत्याची वही पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, हे रोज सकाळी मला सांगायचं." स्वतःचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. दुसरं म्हणजे डॉक्टरांनी सातव्या दिवशी बोलावलं, मग चौदाव्या, आणि प्रत्येक वेळी रक्त तपासून गोळीची मात्रा थोडी वाढवली. मी कुठेतरी वाचलेलं त्यांना भीत भीत विचारलं, तर म्हणाले, हो, स्ट्राँग-एचएफ. 2022 चा प्रयोग. घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेवर नेली आणि वरचेवर तपासलं, तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा फेरदाखला झालेले 15 टक्के. नेहमीसारखं सावकाश गेलं तर 23. फायदा इतका उघड दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला.

या दोन्ही गोष्टींचं बिल होत नाही. म्हणजे डॉक्टरांच्या भेटीची फी होती, ती आम्ही भरली, पण सिस्टरच्या रोजच्या दीड मिनिटाच्या फोनला कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता. त्या ते का करत होत्या, मी कधी विचारलं नाही. विचारलं तर बंद होईल अशी भीती वाटायची.

अलीकडे मी विम्यांची तुलना करायचा नाद लावून घेतलाय. सरकारी बरा की खासगी, याचा गेली काही वर्षं अमेरिकेत बराच कीस पडतोय, कारण 2023 पासून तिथले निम्म्याहून अधिक मेडिकेअरवाले खासगी योजनांत आहेत. हार्ट फेल्युअरनं दाखल झालेल्यांत दोन्हींची तुलना झाली, तर रुग्णालयातल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. खासगीवाल्यांना शुश्रूषा केंद्राऐवजी थेट घरी पाठवण्याचं प्रमाण किंचित जास्त, इतकंच. पूर्वी मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटला असता. आता नवल वाटत नाही. खाटेवरच्या पाच-सहा दिवसांत दोघंही साधारण तेच करतात. फरक पडायचा तो पुढच्या एकोणीस दिवसांत पडतो, आणि दार तर दोघंही तिथेच लावून घेतात. 2025 मध्ये मेडिकेअरच्या औषध योजनेत त्या वर्षी खिशातून दोन हजार डॉलरपेक्षा जास्त जाणार नाहीत अशी मर्यादा आली. ही बातमी मी आत्याला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं "हं" म्हटलं आणि टिंब काढलं. दुसरं. संध्याकाळचं.

गेल्या महिन्यात एक योजना हाती लागली, जिच्यात घरच्या औषधांचाही थोडा खर्च मिळतो. आत्या म्हणाली, फॉर्म आण, बघू. चष्मा लावून तिनं तो पहिल्या अक्षरापासून वाचला. सातव्या पानावर 'पूर्वीचे आजार असल्यास तपशील' असा रकाना होता, दीड ओळीचा. मला केस पेपरवरचं ते वाक्य आठवलं आणि मी म्हटलं, आत्या, जरा बेतानं लिहू, आधी कुणाला तरी विचारू. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दीड ओळीत तिच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'सोबत जोडलेली वही पाहावी', आणि मला पहिली वही घेऊन झेरॉक्सला पिटाळलं. मी चपला घालत होते तेव्हा आतून हाक आली.

"आणि हे बघ, दोन्ही बाजू नीट उमटल्या पाहिजेत. चौदाव्या ते अठराव्या दिवसाचं पान गाळू नकोस."